टाचेवरचा भार

प्रस्तावना

टाच दुखते एवढ्या कारणाने बारामती-इंदापूर भागात सहसा कुणी दवाखान्याची पायरी चढत नाही. आधी घरचे उपाय होतात. तेल कोमट करून चोळतात, मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवून बसतात, वीट तापवून तिच्यावर रुईचे पान ठेवतात आणि त्यावर टाच शेकतात. मग मेडिकलमधून मलमाची ट्यूब आणि चार गोळ्या येतात. यात दोन-तीन महिने निघून जातात. शेवटी एक्स-रे काढला जातो. त्यात टाचेच्या हाडाच्या तळाशी एक टोकदार काटा दिसतो आणि रुग्ण घरी येतो तो एकच वाक्य घेऊन : ‘हाड वाढलंय.’

या वाक्याने दुखण्याचा शोध तिथेच संपतो. पाय दिवसभर कशावर उभा असतो, पायात काय असते, गेल्या दोन महिन्यांत चालणे, पळणे किंवा ओझे वाहणे एकाएकी वाढले का, हे मग कुणी विचारत नाही. हाड वाढले म्हणजे ते कापावेच लागणार या धास्तीने कुणी पैशांची जुळवाजुळव करू लागतो. कुणी वयाला बोल लावून लंगडत राहतो. या पुस्तिकेचे म्हणणे असे, की बहुतेक टाचदुखीत मुख्य गुन्हेगार तो काटा नसतो. टाचेवर रोज पडणारा भार आणि तो पेलण्याची पायाची ताकद यांचा मेळ बिघडलेला असतो. हा मेळ पुन्हा बसवता येतो आणि बहुतेकांना त्यासाठी शस्त्रक्रिया लागत नाही.

आधी दुखणे ओळखू या. सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टेकवले की टाचेच्या तळाशी, थोडी आतल्या बाजूला, खिळा ठोकल्यागत कळ येते. भिंतीला हात धरून न्हाणीपर्यंत जावे लागते. थोडे चालले की पाय मोकळा होतो आणि माणूस दुखणे विसरून कामाला लागतो. दुपारी जेवून उठताना, एसटीतून उतरताना पुन्हा तीच कळ. दिवसभर उभे राहिल्यावर संध्याकाळी ठणका. ही चाल इतकी ठरलेली आहे, की अनुभवी डॉक्टर ती हकीकत ऐकून आणि टाचेच्या त्या एका जागी अंगठा दाबून निदान करतात. एक्स-रे लागतो तो प्रामुख्याने दुसरे काही नाही ना, हे पाहण्यासाठी.

कळ येते ती जागा पायाच्या रचनेत महत्त्वाची आहे. टाचेच्या हाडाच्या तळापासून बोटांच्या मुळांपर्यंत एक चिवट, रुंद पट्टी गेलेली असते. तिला प्लान्टर फॅशिया म्हणतात. पायाची कमान सावरून धरण्यात तिचा वाटा मोठा. ती नेमके काय करते हे १९५४ मध्ये हिक्स या संशोधकाने दाखवून दिले. रहाट फिरवला की दोर त्याच्याभोवती गुंडाळला जातो आणि पोहरा वर येतो. पाऊल उचलताना अंगठा वर वाकतो तेव्हा ही पट्टी अंगठ्याच्या मुळाशी तशीच ताणली जाते, कमान उचलली जाते आणि सैल पाऊल क्षणात ताठ होते. याची खात्री घरबसल्या करता येते. एक पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, पायाचा अंगठा हाताने नडगीच्या दिशेने मागे ओढा आणि तळव्यावर दुसऱ्या हाताचे बोट फिरवा. कातडीखाली ताठ झालेली दोरी लागेल. या दोरीचे एक टोक टाचेच्या हाडाला बांधलेले आहे आणि प्रत्येक पावलागणिक त्या टोकाला ओढ बसते. झोपेत पाऊल खाली झुकलेले असते, पट्टी आणि पोटरी आखडून राहतात. सकाळी अंगाचे सगळे वजन अशा आखडलेल्या पट्टीवर एकदम येते, म्हणून पहिले पाऊल सगळ्यांत वाईट.

बराच काळ या दुखण्याला त्या पट्टीची सूज समजले जात होते. २००३ मध्ये लेमॉन्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत काढलेले पन्नास नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. जुनाट टाचदुखीच्या त्या नमुन्यांत सूज दाखवणाऱ्या पेशी सापडल्या नाहीत. धागे झिजलेले, विस्कटलेले दिसले. सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी चार दिवस बरे वाटते आणि गोळ्या संपल्या की दुखणे जागच्या जागी असते, त्याचे एक कारण इथे मिळते. झिजलेला धागा गोळीने विणला जात नाही. त्याला झेपेल एवढा भार, हळूहळू वाढवत, काही महिने द्यावा लागतो.

आता त्या काट्याविषयी. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९०० मध्ये, जर्मनीत प्लेटनर यांनी टाचेच्या हाडावरच्या या काट्याचे वर्णन केले. जे आधी कधी दिसत नव्हते ते दिसू लागले, आणि जिथे दुखते तिथेच दिसले; साहजिकच त्याच्यावर आळ आला. एक्स-रे हातात घेऊन तो काटा नीट पाहिला तर पहिली शंका तिथेच येते. काटा जमिनीकडे रोखलेला नसतो. तो आडवा, बोटांच्या दिशेने वाढलेला असतो. म्हणजे उभे राहिल्यावर तो मांसात रुततो, हे मनातले चित्र चुकीचे. त्याच्या आणि जमिनीच्या मध्ये चरबीची जाड गादीही असते. ती निरोगी टाचेत साधारण १८ मिलिमीटर भरते आणि उतारवयात तिचा लवचिकपणा कमी होतो.

दुसरी शंका आकड्यांतून येते. ऑस्ट्रेलियात २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६२ ते ९४ वयाच्या २१६ जणांचे एक्स-रे पाहिले. त्यांतल्या ५५ टक्के लोकांच्या टाचेखाली काटा होता. त्या सगळ्यांची टाच काही दुखत नव्हती. त्याच अभ्यासात लठ्ठ व्यक्तींत आणि टाचदुखी असलेल्या किंवा पूर्वी होऊन गेलेल्यांत काटा अधिक आढळला, हेही सांगायला हवे. काटा आणि वेदना यांचा संबंध आहेच; पण वर्षानुवर्षांच्या भाराने हाडावर काटा येतो आणि त्याच भाराने पट्टी दुखते, असा तो दोघांचा समाईक उगमाचा संबंध असावा, असे आज बहुतेक तज्ज्ञ मानतात. व्यवहारातला पुरावा तर साधा आहे : टाच पूर्ण बरी झाल्यावर पुन्हा एक्स-रे काढला, तर काटा होता तिथेच दिसतो.

म्हणून प्रश्न भाराचा. आणि भाराचे बोलायचे तर या दोन तालुक्यांइतके उघड उदाहरण शोधून सापडणार नाही. जगद्गुरू तुकाराम महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूतून निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोहोचते. वाटेत ती बारामतीत मुक्काम करते. काटेवाडीत परीट समाज तिच्यासाठी धोतरांच्या पायघड्या घालतो, मेंढ्यांचे रिंगण होते. पुढे सणसर, बेलवडीचे गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर, आणि सराटीला नीरा ओलांडून पालखी सोलापूर जिल्ह्यात शिरते. या सगळ्या वाटेवर वारकऱ्यांचे पाय चेपणारे, तळव्यांना तेल लावणारे, तुटलेल्या चपला शिवून देणारे सेवेकरी बसलेले असतात. पायाला काय सोसावे लागते हे या भागाला कुणी समजावून सांगायला नको.

वारीतली टाचदुखी बारकाईने पाहिली तर भाराचा नियम कळतो. वर्षभर शेतात राबलेल्या पायाला रोजचे पंधरा-वीस किलोमीटर जड जाते, पण तो ते निभावून नेतो. त्रास होतो तो अकरा महिने गल्ल्यावर किंवा टेबलामागे बसून, निघण्याच्या आदल्या दिवशी नवे बूट घेणाऱ्याला. रस्ताही आता पूर्वीचा नाही. पाटस, बारामती, इंदापूर, अकलूज असा जाणारा पालखी मार्ग राष्ट्रीय महामार्ग झाला आहे. त्याच्या सपाट, कठीण पृष्ठभागावर पाऊल सारखे एकाच पद्धतीने पडते. पायाला अंतरापेक्षा अंतरातली अचानक वाढ अधिक बाधते. वैशाखापासून रोज थोडे थोडे चालणे वाढवणाऱ्याची अर्धी काळजी तिथेच मिटते.

वारी दरवर्षी येते आणि पुढे जाते. उसाचा हंगाम पाच-सहा महिने चालतो. सोमेश्वरनगर, माळेगाव, भवानीनगर, बिजवडी या कारखान्यांच्या गाळपासाठी बीड, अहिल्यानगर आणि इतर जिल्ह्यांतून तोडकऱ्यांच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे अंधारात तोड सुरू होते. गाडी भरायच्या वेळी काय होते ते पाहावे. ट्रकला फळी लावलेली असते. बाई तीस-चाळीस किलोंची मोळी डोक्यावर घेते आणि त्या तिरप्या फळीवर चढू लागते. चढताना चवडा फळीवर रोवलेला, टाच खाली लोंबती, अंगठा वर वाकलेला. म्हणजे पट्टीला जास्तीत जास्त ओढ बसेल अशी पायाची अवस्था, वर अंगाचे आणि मोळीचे वजन, आणि पायात झिजून कागदासारखी झालेली स्लिपर. एका गाडीला अशा कित्येक फेऱ्या. या बाईला ‘आराम करा’ असे चिठ्ठीवर लिहून देणे म्हणजे काहीच न देणे. उचल फेडायची असते आणि एक दिवस मोडला तर खाडा लागतो. तिच्या उपयोगाचा सल्ला वेगळा : काही आठवडे मोळ्या वाहण्याचे काम दुसऱ्याने घ्यावे आणि तिने वाढे छाटावेत, मोळ्या बांधाव्यात; स्लिपरऐवजी टाचेला उंची आणि जाड तळ असलेले काहीतरी पायात असावे; आणि वेदनाशामक गोळ्या उपाशीपोटी, उन्हात, पाणी न पिता रोज घेऊ नयेत, कारण त्या पोटाला आणि मूत्रपिंडाला बाधतात.

बारामती एमआयडीसीत पाळीभर काँक्रीटवर उभे राहणाऱ्या कामगारांची गोष्ट निराळी दिसली तरी हिशेब तोच आहे. चालणे पायाला एका अर्थी विश्रांती देते, कारण भार एका पायावरून दुसऱ्यावर जातो. एका जागी उभे राहण्यात ती सवलत नाही. यंत्रापुढे जाड रबरी चटई, बुटात मऊ तळ, दर तासा-दोन तासांनी दोन मिनिटे पोटरी ताणण्याची मुभा, एवढ्या गोष्टी खर्चाच्या नाहीत.

घरातल्या बाईचा कामाचा दिवस कुणी मोजत नाही, म्हणून तिची टाचही मोजणीत येत नाही. चुलीपुढे बसून होणारा स्वयंपाक ओट्यापुढे उभा राहिला. शेणाने सारवलेल्या जमिनीच्या जागी शहाबादी फरशी आणि मग गुळगुळीत टाइल्स आल्या. चप्पल मात्र उंबऱ्याबाहेर काढायची रीत कायम राहिली. ती रीत मोडायला नको. घरात वापरायची मऊ, जाड तळाची वेगळी चप्पल ठेवावी. देवघरात जाताना ती काढली की झाले. चाळिशीनंतर वजन वाढते, पोटऱ्या आखडतात, टाचेखालची गादी कमजोर होऊ लागते. अशा वेळी या एका चपलेने पडणारा फरक अनेक औषधांना जमत नाही.

शेवटचा गट तरुणांचा. पोलीस भरतीची जाहिरात निघाली की पहाटेच्या रस्त्यांवर मुलांची गर्दी होते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर ठरावीक वेळेत मारायचे असतात. महिनाभरात वेळ बसवायच्या नादात पळणे एकदम दुपटीवर जाते. अशा मुलाची टाच दुखली तर तळापेक्षा बाजूंकडे लक्ष द्यावे. दोन्ही बाजूंनी टाच तळहातांत धरून दाबल्यावर तीव्र कळ आली, तर हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते, आणि ती सुरुवातीच्या एक्स-रेत दिसेलच असे नाही. ती शंका असेपर्यंत पळणे बंद.

हे शेवटचे उदाहरण मुद्दाम दिले. टाच दुखली म्हणजे पट्टीच दुखली, असे धरून चालणेही ‘हाड वाढलंय’ म्हणण्याइतकेच घाईचे आहे. आठ ते चौदा वर्षांच्या खेळणाऱ्या मुलाची टाच मागून दुखते ती बहुधा वाढत्या हाडाच्या जोडावर ताण आल्याने, आणि वाढ पूर्ण झाली की ती थांबते. टाचेच्या मागच्या बाजूचे दुखणे मोठ्यांत पोटरीच्या जाड कंडरेचे असते. त्यावरचे व्यायाम थोडे वेगळे. तळव्यात मुंग्या, जळजळ किंवा बधिरपणा असेल तर नस तपासावी. पंचविशी-तिशीच्या तरुणाच्या दोन्ही टाचा दुखत असतील आणि सकाळी कंबर अर्धा तास सुटत नसेल, तर तो संधिवाताचा प्रकार असू शकतो. रात्री झोपेतही ठणकणारी, सुजलेली, ताप असताना किंवा पडल्यानंतर सुरू झालेली टाच घरी शेकत बसू नये. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा तपासण्यांसाठी आता दर वेळी पुणे गाठण्याची गरज नाही.

विटेच्या शेकाबद्दल एक गोष्ट ठासून सांगायला हवी. शेकाने अनेकांना बरे वाटते, त्यात नवल नाही आणि हरकतही नाही. पण मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना वीट किती तापली आहे ते कळत नाही. टाच भाजते, फोड येतो, जखम चिघळते, आणि टाचदुखीवर इलाज करता करता पाय वाचवण्याची वेळ येते. रुईच्या चिकानेही कातडी पोळते. तो डोळ्यात गेला तर फार वाईट. ज्यांना साखर आहे त्यांनी शेक, चटके आणि अनवाणी चालणे, तिन्ही टाळावे. सुश्रुतसंहितेत वाकड्यातिकड्या पडलेल्या पावलाने होणाऱ्या ‘वातकंटक’ या दुखण्याचे वर्णन आहे आणि अग्निकर्माचा विधीही तिथे सांगितला आहे. आजही वैद्य तो करतात. त्यांच्याकडे जातानाही आपल्याला मधुमेह असल्याचे आधी सांगावे.

उपचारांचा तपशील पुढच्या प्रकरणांत आहे. इथे त्यांतले दोनच सांगतो, कारण ते बिनखर्चाचे आहेत आणि त्यांची नीट चाचणी झालेली आहे. पहिला अंथरुणातच करायचा. पाऊल टेकवण्याआधी दुखरा पाय मांडीवर घ्यावा, बोटे नडगीकडे ओढून दहापर्यंत मोजावे, सोडावे; असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. २००३ मध्ये अमेरिकेत डिजिओव्हानी आणि सहकाऱ्यांनी याची तुलना पोटरीच्या नेहमीच्या ताणाशी केली, तेव्हा हा ताण सरस ठरला. दुसरा ताकदीचा. जिन्याच्या पायरीच्या कडेवर टॉवेलची गुंडाळी ठेवावी, बोटे तिच्यावर चढवावीत, कठड्याला धरून तीन सेकंदांत टाच वर न्यावी, दोन सेकंद थांबावे, तीन सेकंदांत खाली यावे. हा एक दिवसाआड करायचा आणि जमेल तसा पाठीवर दप्तर घेऊन वाढवायचा. डेन्मार्कमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन महिन्यांनी या व्यायामाचा गट नुसत्या ताणाच्या गटापेक्षा पुढे होता. सुरुवातीला थोडे दुखणे चालते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाढलेले असेल तर एक पायरी मागे यावे.

‘इंजेक्शन घेऊन टाकू का?’ हा प्रश्न हमखास येतो. टाचेतल्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे मोठा आराम पडतो. लग्नसराई किंवा हंगाम तोंडावर असताना तो मोह समजण्यासारखा आहे. पण तो आराम टिकाऊ नसतो. वारंवार घेतल्यास टाचेखालची चरबी विरते, क्वचित पट्टी तुटते, आणि मधुमेह असेल तर काही दिवस साखर चढते. शस्त्रक्रियेची पाळी फार थोड्यांवर येते, तीही सहा महिने ते वर्षभर बाकीचे सगळे उपाय मनापासून करून झाल्यावर. बहुतेकांची टाच वर्षभरात बरी होते. ‘वर्षभर’ हा शब्द ऐकून हिरमुसू नये. सुधारणा त्याआधीच सुरू होते, पण ती आठवड्यागणिक मोजावी, दिवसागणिक नव्हे.

पुस्तिकेचे तीन भाग आहेत. पहिल्यात दुखणे ओळखणे आणि धोक्याची लक्षणे, दुसऱ्यात व्यायाम, पादत्राणे, औषधे, तिसऱ्यात शेत, कारखाना, घर, वारी आणि मैदान इथल्या कामांत करायचे बदल. रुग्णाने पहिले दोन वाचले तरी त्याचे काम भागेल. तिसरा भाग मात्र त्याच्या एकट्यासाठी लिहिलेला नाही. पायावर किती भार घ्यायचा हे ज्याचा पाय दुखतो तोच ठरवतो असे थोडेच असते. मोळी कुणी वाहायची ते मुकादम ठरवतो, पाळीत कधी बसायचे ते सुपरवायझर, आज किती फेऱ्या मारायच्या ते अकादमीतले सर, आणि ओट्यापुढे कुणी किती वेळ उभे राहायचे ते घर. एवढ्या लोकांनी तिसरा भाग वाचून एकेक बदल केला, तर पहिल्या दोन भागांची गरज पुष्कळांना पडणार नाही.